घराची परवानगी दहा दिवसांत मिळाली, तर सेवाग्रामसारख्या गावात घरं वाढतील का?

वर्ध्यापासून साधारण आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आश्रमातली घरं माती, बांबू, लाकूड आणि कवेलू वापरून बांधली गेली. साहित्य जवळपास मिळणारं, कारागीर गावचे आणि खर्च कमीत कमी, असा आग्रह होता. आदि निवास आणि बापू कुटी ही घरं आजही उभी आहेत.

आज याच परिसरात कुणाला दोन खोल्यांचं घर बांधायचं असेल, तर माती-विटांच्या आधी कागद गोळा करावे लागतात. मालकीचा उतारा, मोजणीचा नकाशा, इंजिनिअरचा आराखडा, विकास शुल्काची पावती आणि मग परवानगी. परवानगी नसेल तर बँक गृहकर्ज देताना अडते आणि पुढे घर विकताना गिऱ्हाईक मागे फिरतं.

म्हणूनच "आता कॉम्प्युटर नकाशा तपासणार, परवानगी झटपट मिळणार" अशी बातमी आली की ती व्हॉट्सॲपवर जोरात फिरते. पण झटपट परवानगी म्हणजे नक्की काय? गावात ती कुणाला मिळते? आणि त्यानं घरांची टंचाई खरंच कमी होते का? समजून घेऊया.

परवानगी लागतेच कशाला?

घर माझं, जागा माझी, मग सरकारला मध्ये पडायचं काय कारण? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की घराचा परिणाम शेजाऱ्यावर आणि रस्त्यावरही होतो. भिंतीला भिंत लागली तर उजेड आणि वारा बंद होतो. रस्त्यावर ओटा आला तर अग्निशमन दलाची गाडी आत येत नाही. सांडपाण्याची सोय नसेल तर ते दुसऱ्याच्या दारात जातं.

म्हणून किती मोकळी जागा सोडायची, किती उंच बांधायचं, एकूण किती बांधकाम करायचं याचे नियम असतात. एकूण बांधकामाची मर्यादा चटई क्षेत्र निर्देशांकावरून, म्हणजे एफएसआयवरून ठरते. समजा भूखंड १५० चौरस मीटरचा आहे आणि निर्देशांक १ आहे, तर सगळे मजले मिळून १५० चौरस मीटर बांधता येतं.

मोठ्या बांधकामात साधारण तीन टप्पे येतात. सुरुवातीला प्रारंभ प्रमाणपत्र, पाया वर आल्यावर जोते तपासणी आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. लोक बोलताना या सगळ्याला मिळून 'परवानगी' म्हणतात, पण हे वेगवेगळे कागद आहेत.

महाराष्ट्रात नियम कधी बदलले?

२०२० पर्यंत राज्यात जवळपास प्रत्येक शहराची वेगळी नियमावली होती. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिला 'युनिफाईड डीसीआर' किंवा 'यूडीसीपीआर' म्हणतात. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता ती राज्यभर लागू आहे.

ती जाहीर करताना सरकारनं सांगितलं की साधारण १,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला वेगळ्या परवानगीची गरज राहणार नाही. त्यापेक्षा मोठ्या, पण ३,००० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी दहा दिवसांत परवानगी द्यायची.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं गावांसाठीही असाच निर्णय जाहीर केला. त्याचा गाभा असा:

* सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत: ग्रामपंचायतीची वेगळी परवानगी नको. मालकीची कागदपत्रं, लेआऊट किंवा मोजणी नकाशा, इमारतीचा आराखडा आणि तो नियमानुसार असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं. विकास शुल्क भरलं की काम सुरू.
* सुमारे १,६०० ते ३,२०० चौरस फूट: अभियंत्यानं प्रमाणित केलेली कागदपत्रं दिल्यावर ग्रामपंचायत शुल्क कळवते. ते भरलं की दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र.
* दोन्ही बाबतींत नगररचनाकाराकडे फाईल पाठवण्याची गरज नाही.

म्हणजे छोट्या घरासाठी 'परवानगी नको' याचा अर्थ 'कागद नकोत' असा होत नाही. तपासणीची जबाबदारी सरकारी टेबलावरून अभियंत्याच्या सहीवर आली, एवढाच त्याचा अर्थ.

मुदतीची कल्पनाही नवीन नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानावं, अशी तरतूद त्यात आहे. पण त्यासाठी आराखडा प्रत्येक नियमात बसलेला असावा लागतो. तो बसतो की नाही याची खात्री नसताना त्या भरवशावर पाया खोदण्याची हिंमत फार थोडे लोक करतात.

कॉम्प्युटर नकाशा कसा तपासतो?

जुन्या पद्धतीत आर्किटेक्ट कागदी नकाशा द्यायचा. कनिष्ठ अभियंता पट्टी लावून मापं काढायचा, त्रुटी लिहायचा, नकाशा परत यायचा, दुरुस्त होऊन पुन्हा जायचा. प्रत्येक फेरीत काही आठवडे जायचे.

आता नकाशा डिजिटल असतो. त्यात भूखंडाची हद्द, भिंती, जिना, रस्ता, मोकळी जागा या गोष्टी ठरलेल्या रंगांच्या वेगवेगळ्या थरांवर काढाव्या लागतात. सॉफ्टवेअर ते थर ओळखतं, क्षेत्रफळ आणि अंतरं मोजतं, नियमावलीशी ताडून पाहतं आणि कुठे काय चुकलं याचा अहवाल देतं. समोरच्या बाजूला तीन मीटर जागा सोडायची असताना अडीचच सोडली असेल, तर ते काही मिनिटांत कळतं.

यातलं 'ऑटोडीसीआर' हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीनं बनवलं. पुण्यासह अनेक महापालिकांनी ते वापरलं. राज्यातल्या नगरपालिकांसाठी ऑनलाइन अर्जाची 'बीपीएमएस' ही प्रणालीही आली.

जगातही हेच चाललंय. सिंगापूरनं १९९५ मध्ये 'कोरनेट' या नावानं बांधकाम क्षेत्राची कागदपत्रं ऑनलाइन आणायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये वणव्यात हजारो घरं जळाली. त्यानंतर तिथल्या सरकारनं घरांचे आराखडे आधीच तपासून देणारं एआय सॉफ्टवेअर वापरायचं जाहीर केलं. तेलंगणानं २०२० मध्ये 'टीएस-बीपास' आणलं. त्यात ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरच्या छोट्या घरासाठी एक रुपया भरून फक्त नोंदणी करायची होती.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. यंत्र नकाशा तपासतं. पण ज्या जमिनीवर तो नकाशा काढलाय ती खरंच तुमची आहे का, हे यंत्राला कळत नाही. ते सांगायला सरकारी दप्तर लागतं.

मग गावात घोडं अडतं कुठे?

गावातली घरं साधारण तीन प्रकारच्या जागांवर असतात आणि प्रत्येकीची अडचण वेगळी असते.

पहिली जागा गावठाणातली. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' असतो. पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. अनेक घरांवर आजोबांचंच नाव असतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, चार मुलांच्या दहा वारसांची नोंद झालीच नाही आणि प्रत्यक्षात घरात राहतो एकच नातू. त्याला मागच्या अंगणात खोली काढायची असेल तर आराखडा एका दिवसात तयार होतो, वारसांच्या सह्यांना मात्र वर्ष जातं.

दुसरी जागा गावठाणाला लागून असलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या ४२-ड कलमानं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषक मानण्याची तरतूद आली. त्यासाठी ठरलेला कर आणि शुल्क भरण्याची अट होती. सवलत चांगली आहे, पण हद्द नक्की कुठे संपते हे मोजणीनंच ठरतं.

तिसरी जागा शेतात पाडलेल्या लेआऊटमधली. विदर्भात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. मंजूर लेआऊटमधला प्लॉट असेल तर अडचण कमी. पण मंजुरी न घेता शेताचे तुकडे करून विकलेले प्लॉटही असतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकड्यांच्या व्यवहारांवर बंधनं आली. मग अनेकांचं खरेदीखत झालं नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही आणि ज्याच्याकडे फक्त नोटरीचा कागद होता त्याच्यासाठी सगळ्यात वेगवान सॉफ्टवेअरही बंदच राहिलं.

कागदावरच्या नावातला घोळ किती त्रास देतो हे सेवाग्रामला जुनं ठाऊक आहे. शेगाव या नावामुळे गांधीजींची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायची. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. गावाचं नाव बदलून टपाल ठिकाणावर आलं. घराच्या उताऱ्यावरचं नाव बदलायला मात्र आजही वारस नोंद, फेरफार आणि बऱ्याच खेपा लागतात.

ड्रोनचा उपयोग इथेच

गावासाठी सगळ्यात उपयोगी तंत्रज्ञान बहुधा नकाशा तपासणारं नाही. ते जमीन मोजणारं आहे.

पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोननं मोजणी करण्याचा प्रयोग झाला. पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारनं देशभरासाठी 'स्वामित्व' योजना सुरू केली. यात आधी गावकऱ्यांसमोर चुन्यानं घरांच्या हद्दी आखतात. मग ड्रोन फोटो काढतो, त्यावरून नकाशा बनतो, भूमी अभिलेख खात्याचे कर्मचारी चौकशी करतात, हरकती ऐकतात आणि शेवटी घरमालकाला मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशातल्या ५० हजारांहून जास्त गावांमध्ये ६५ लाख कार्डांचं वाटप झालं.

मात्र चुन्याची रेघ कुठून जाते यावर दोन भावांचं एकमत नसेल तर ड्रोन निवाडा करत नाही. तो वाद माणसांनाच मिटवावा लागतो. आपली हद्द आखली जात असताना घरचं कुणी हजर नसेल, तर पुढे हरकत घेत फिरावं लागतं.

परवानगी वेगात मिळाली की टंचाई कमी होते का?

भारताचा एक अनुभव पाहा. जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' अहवालात बांधकाम परवान्यांच्या यादीत भारत २०१८ च्या अहवालात १८१ व्या क्रमांकावर होता. २०२० च्या अहवालात तो थेट २७ व्या क्रमांकावर आला. भारतासाठी हे मोजमाप फक्त मुंबई आणि दिल्लीत होत असे. आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे जागतिक बँकेनं २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला. पण तोवर दोन्ही शहरांत ऑनलाइन परवानगी आली होती आणि कामं पूर्वीपेक्षा सोपी झाली होती, हेही खरं.

तरी मुंबईत घरं स्वस्त झाली का? नाही. कारण टंचाई मुळात कुणाच्या घरांची आहे, हे पाहावं लागतं.

२०१२ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटानं शहरी भारतात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची कमतरता असल्याचा अंदाज दिला. त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त कमतरता आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. त्यात सगळ्यात मोठा वाटा उघड्यावर राहणाऱ्यांचा नव्हता, एका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या कुटुंबांचा होता. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांतली सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली.

म्हणजे एकीकडे घरं रिकामी आणि दुसरीकडे एका खोलीत तीन पिढ्या. हे अंतर परवानगीच्या वेगानं भरत नाही, कारण मधली भिंत पैशाची आहे.

मग वेगाचा उपयोग काय? आहे, आणि लहान माणसालाच जास्त आहे. समजा एक कुटुंब महिन्याला ५,००० रुपये भाड्यानं राहतं आणि घराच्या परवानगीला आठ महिने उशीर होतो. भाड्याचेच ४० हजार गेले. मधल्या काळात सिमेंट-लोखंड महागलं तर ते वेगळं. मोठा बिल्डर हा खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, एक घर बांधणाऱ्याला ती सोय नसते.

सेवाग्रामसारख्या गावात आणखी एक बाजू आहे. इथे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं मेडिकल कॉलेज आहे. जिथे मोठं रुग्णालय, तिथे भाड्याच्या खोल्यांची मागणी असते. अशा ठिकाणी गावकऱ्याला आपल्या घरावर दोन खोल्या नियमानं आणि लवकर चढवता आल्या, तर त्याला उत्पन्न मिळतं आणि परगावच्या माणसाला आसरा. टंचाई कमी करण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, कारण नवी जमीन लागत नाही. फक्त खालच्या घराचा कागद सरळ असावा लागतो.

ज्यांना जागाच नाही त्यांचं काय?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण मध्ये सपाट भागातल्या लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारनं त्यात ५० हजारांची भर जाहीर केली. घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. हप्ते टप्प्याटप्प्यानं येतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह ॲपवर चढवावा लागतो. तंत्रज्ञान इथेही आहे आणि त्यामुळे न बांधलेल्या घराचे पैसे उचलणं अवघड झालंय.

पण घरकुल मंजूर होऊन जागाच नसेल तर फोटो कशाचा काढणार? अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिच्यातून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळायचे, आता १ लाखापर्यंत मिळतात. रुग्णालय, कॉलेज किंवा मोठा रस्ता जवळ असलेल्या गावात या रकमेत जागा शोधणं सोपं नाही. शेतमजुराच्या घराचा प्रश्न इथे अडतो आणि त्याला कोणतंही ॲप उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी ग्रामपंचायत आणि महसूल खात्याला जमीनच काढून द्यावी लागते.

वेगाचा धोकाही आहे

कल्याण-डोंबिवलीत काही बिल्डरांनी महापालिकेची बनावट परवानगीपत्रं दाखवून महारेराची नोंदणी मिळवली. २०२२ मध्ये हे उघड झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा ६५ इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. त्यात घरं घेतलेल्या लोकांनी कर्ज काढलं होतं, महारेराचा नंबरही पाहिला होता. तरी छप्पर धोक्यात आलं.

दोन सरकारी कार्यालयांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नसतील तर काय होतं, याचं हे उदाहरण. परवानगीपत्र लवकर मिळण्याइतकंच ते खरं आहे की खोटं हे कुणालाही मोबाईलवर तपासता येणं महत्त्वाचं आहे.

स्वयंप्रमाणनातही हाच मुद्दा आहे. अभियंत्याच्या सहीवर घर उभं राहणार असेल, तर खोटी सही करणाऱ्याचा परवाना जायला हवा आणि काही घरांची प्रत्यक्ष पाहणी व्हायला हवी. नाहीतर चूक पकडली जाते तेव्हा स्लॅब पडलेला असतो आणि नुकसान घरमालकाचं होतं.

तुम्ही गावात घर बांधणार असाल तर

* आराखड्याच्या आधी उतारा पाहा. शेतजमीन असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, गावठाण असेल तर मिळकत पत्रिका किंवा नमुना ८.
* उताऱ्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर वारस नोंदीचं काम आजच सुरू करा. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.
* गावठाणाची ड्रोन मोजणी झाली आहे का, हे ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.
* प्लॉट घेण्याआधी लेआऊटच्या मंजुरीचा क्रमांक मागा आणि तो मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून पडताळा. विकणाऱ्याच्या झेरॉक्सवर थांबू नका.
* अभियंत्याचा परवाना चालू आहे का ते बघा आणि त्याचं प्रमाणपत्र, शुल्काची पावती, ग्रामपंचायतीची पोच जपून ठेवा. 'परवानगी नको' असलेल्या घरासाठी हेच तुमचे पुरावे.

नियमानं दहा दिवस दिले आहेत आणि कॉम्प्युटरला काही मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ जमिनीच्या कागदात जातो. ते कागद ज्या गावात सरळ झालेत, तिथेच झटपट परवानगीच्या बातमीला अर्थ आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या गावातल्या किती घरांवर आज तिथे राहणाऱ्या माणसाचं नाव आहे?